कातडीतून केमिकल किती आत जातं ते मोजायची टेस्ट - माझा अनुभव

आधीच सांगते, यात कुणाच्या हातावर केमिकल चोपडून वाट बघत बसायचं असं काही नसतं. मी केली ती इन व्हिट्रो टेस्ट, म्हणजे ऑपरेशनमधे काढलेली माणसाची कातडी काचेच्या सेलमधे बसवायची, वरून केमिकल टाकायचं आणि खालच्या द्रवात किती उतरलं ते मोजायचं. ओईसीडी, म्हणजे केमिकलच्या टेस्टचे नियम ठरवणारी देशांची संघटना, तिची गाईडलाईन ४२८ आहे त्यासाठी, २००४ ची. वाचायला एक बैठक पुरते, करायला घेतली की मग कळतं.

मटेरियलचं नाव सांगता येणार नाही. कोटिंगमधे वापरायचं लिक्विड होतं, तेलात छान विरघळणारं, पाण्याशी अजिबात न जमणारं आणि थोडंफार हवेत उडून जाणारं. या तिन्ही गुणांनी पुढे छळलं. श्वासातून किती जातं याचा डेटा होता पण काम करणाऱ्यांच्या हातावर जे पडतं त्याचं काय, याला कुणाकडे उत्तर नव्हतं. साधारण ५०० डाल्टनच्या (हे मोलेक्युलच्या वजनाचं माप) वरचे मोलेक्युल कातडीतून सहसा नीट जात नाहीत असा एक ढोबळ नियम सांगतात, आमचं त्याच्या बरंच खाली होतं, त्यामुळे जाणार हे गृहीतच, प्रश्न फक्त किती.

कातडी मिळवणं हा पहिला टप्पा आणि सगळ्यात जास्त कागद इथेच लागतात. पोटाची चरबी कमी करायच्या ऑपरेशनमधे जी कातडी निघते ती पेशंटच्या लेखी संमतीने आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीने मिळते, नावगाव काही नाही, फक्त कोड, वय, शरीराचा भाग. ती फ्रीजरमधे ठेवलेली चालते. मला आधी हेच पटत नव्हतं, मेलेल्या कातडीवर टेस्ट करून काय कळणार? पण अडवायचं खरं काम करतो तो सगळ्यात वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा, आणि तो आपल्या अंगावर असतानाही मेलेल्या पेशींचाच असतो. फ्रीज केल्याने कातडीतले एन्झाइम जातात, म्हणजे केमिकल आत जाताजाता तुटतं का हे बघायचं असेल तर ताजी कातडी लागते. आम्हाला फक्त किती जातं ते हवं होतं.

मग खालची चरबी खरवडायची आणि डर्माटोमने २०० ते ४०० मायक्रॉनचा पातळ थर काढायचा, वेफर्स पाडायच्या किसणीसारखं काम आहे ते आणि हात बसेपर्यंत कातडी वाया जाते. एवढं पातळ का, तर जिवंत माणसात वरच्या थराच्या लगेच खाली रक्तवाहिन्या असतात, केमिकल तिथे पोचलं की रक्त ते घेऊन जातं. सेलमधे रक्त नाही. पूर्ण जाडीची कातडी लावली तर आमच्यासारखं तेलकट मटेरियल खालच्या जाड थरात अडकून बसतं आणि आकडा उगाच कमी येतो. प्रत्येक तुकड्याचा इलेक्ट्रिकल रेझिस्टन्स पण मोजायचा, कमी आला म्हणजे कुठेतरी भोक किंवा ओरखडा आहे, तो तुकडा बाद.

सेल म्हणजे फ्रान्झ सेल, फ्रान्झ यांच्या १९७५ च्या पेपरपासून हे नाव चिकटलंय. वरचा कप्पा डोनर, तिथे केमिकल टाकायचं, खालचा द्रवाचा कप्पा रिसेप्टर, मधे कातडी क्लॅम्पने धरलेली, खाली छोटा मॅग्नेट फिरत असतो आणि बाहेरून गरम पाणी खेळवतात. टेम्परेचर ३७ नाही, कातडीच्या पृष्ठभागावर ३२ डिग्री, एक इकडे तिकडे चालतं. या सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर बुडबुड्यांत! कातडीखाली एक बुडबुडा राहिला की तेवढ्या भागाला द्रव लागतच नाही, मग सेल तिरका करा, टिचक्या मारा, परत बघा. कुठल्याही प्रोटोकॉलमधे याला अर्धी ओळ असते.

रिसेप्टरमधे काय भरायचं यावर आमच्यात खरी वादावादी झाली. साधं फॉस्फेट बफर सलाईन, म्हणजे मिठाचं पाणीच, भरलं तर आमचं मटेरियल त्यात विरघळतच नाही, म्हणजे कातडीतून खाली यायला ते तयार असलं तरी खाली जागाच नाही, आणि मग रिपोर्टमधे मस्त दिसतं की बघा काहीच आत जात नाही. अशी फसवी शून्यं बनवणं फार सोपं आहे. म्हणून आधी विद्राव्यता मोजायची, आणि टेस्टभर रिसेप्टरमधलं प्रमाण त्या मर्यादेच्या एक दशांशाखाली राहील असं बघायचं. एकाचं म्हणणं अर्धं इथेनॉल अर्धं पाणी घ्या, सोपं पडतं. मला ते नको होतं कारण एवढं इथेनॉल कातडीचाच अडसर ढिला करू शकतं. शेवटी सलाईनमधे अल्ब्युमिन घातलं, रक्तातही तेच प्रोटीन असतं, त्यामुळे समजावून सांगायलाही बरं.

डोस लिक्विडसाठी दर चौरस सेंटीमीटरला १० मायक्रोलिटरपर्यंत. ऐकायला काहीच नाही पण कामावर हाताला लागतं ते एवढंच, पातळ थर. आणि इथेच टक्केवारीची गंमत आहे. समजा एका चौरस सेंटीमीटरवर १० मायक्रोग्रॅम टाकलं आणि १० टक्के आत गेलं, म्हणजे १ मायक्रोग्रॅम. तिथेच १००० टाकलं आणि १ टक्काच गेलं तर १० मायक्रोग्रॅम. टक्का दहापट कमी, माणसाच्या अंगात दहापट जास्त. बऱ्याचदा होतं पण असंच, घट्ट मटेरियलचा टक्का कमी येतो आणि पातळ केलेल्याचा जास्त, म्हणून आम्ही मूळ मटेरियल आणि प्रत्यक्ष वापरातलं पातळ मिश्रण दोन्ही वेगवेगळं केलं. नुसता टक्का सांगणाऱ्या माणसाला आधी विचारा, डोस किती होता?

रन असा, ८ तास मटेरियल कातडीवर, शिफ्टसारखं. मग सौम्य साबणाच्या पाण्याने आणि कापसाच्या बोळ्यांनी धुवायचं आणि २४ तासांपर्यंत खालून सँपल काढत राहायचं. म्हणजे रात्र लॅबमधे. धुतल्यावर संपलं असं अजिबात नाही, खाली एकूण किती उतरलं त्याच्या आमच्या ग्राफमधे धुतल्यानंतरही रेघ वरच चढत होती, कारण वरच्या थरात जे शिरून बसलंय ते साबणाने निघत नाही, ते सावकाश खाली उतरत राहतं. शिवाय साबणाच्या पाण्याने काही केमिकल उलट थोडा वेळ जास्त आत ढकललं जातं.

आणि मग हिशोब. मटेरियलला कार्बन-१४ चं, म्हणजे किरणोत्सारी कार्बनचं, लेबल होतं त्यामुळे ते कुठेही गेलं तरी काउंटरमधे दिसतं, आणि टाकलेल्यातलं सगळं कुठे गेलं ते दाखवावं लागतं: धुतलेल्या पाण्यात, बोळ्यांत, काचेवर, कातडीत, रिसेप्टरमधे. बेरीज १०० च्या १० टक्के आतबाहेर आली पाहिजे. पायलटमधे, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, ती बरीच कमी आली. गेलं कुठे, तर हवेत. मग डोनरच्या वर चारकोलचा फिल्टर बसवला, जो हवा जाऊ देतो आणि वाफ पकडतो, आणि बेरीज जुळायला लागली. झाकण घट्ट लावता येत नाही कारण मग उघड्या हातावरची परिस्थितीच राहत नाही, ग्लोव्हच्या आत अडकल्यासारखं होतं आणि जास्त आत जातं.

ग्लोव्हवरून आठवलं, आमच्या ट्रेनिंगमधे कॅरन वेटरहान यांची केस सांगतात. १९९६ मधे डायमिथाइल मर्क्युरीचे, म्हणजे पाऱ्याच्या एका अतिविषारी संयुगाचे, थोडेसे थेंब त्यांच्या लॅटेक्स ग्लोव्हवर पडले, ग्लोव्ह असूनही ते आत गेलं, आणि १९९७ मधे त्या गेल्या. त्या स्वतः विषारी धातूंच्या अभ्यासक होत्या आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे काळजी घेऊनच काम करत होत्या. ती केस ऐकल्यापासून ग्लोव्ह कुठल्या मटेरियलचा आहे हे बघितल्याशिवाय मी घालत नाही.

शेवटचा भाग टेप स्ट्रिपिंग. २४ तासांनी कातडीवर चिकटपट्टी दाबायची, ओढायची, परत नवीन, अशा १५-२० पट्ट्या, प्रत्येकीबरोबर वरचा थर थोडाथोडा निघतो. पहिल्या दोन पट्ट्यांवरचं पृष्ठभागावरचंच धरतात, ते आत गेलं नाही. भांडण उरलेल्या पट्ट्यांचं. ते मटेरियल कातडीत आहे पण खाली उतरलेलं नाही, मग ते आत गेलं म्हणायचं की नाही? वरचा थर रोज झडतो त्यामुळे काही भाग त्याच्याबरोबर बाहेर पडेल हे खरंच आहे, आणि प्रॉडक्टवाल्यांना अर्थातच तेच ऐकायचं होतं. कीटकनाशकांसाठीच्या युरोपियन गाईडन्समधे एक बरी कसोटी आहे, २४ तासांत जेवढं उतरलं त्यातलं ७५ टक्क्यांहून जास्त पहिल्या अर्ध्या वेळातच उतरलेलं असेल तर पट्ट्यांवरचं सोडून द्या, नाहीतर धरा. आमचं मटेरियल कीटकनाशक नव्हतं पण कातडीला काय फरक पडतो. आमची रेघ शेवटपर्यंत चढतीच, म्हणजे साठा खाली उतरतोय. मी धरलं.

वर माणसामाणसातला फरक. एकाच्या कातडीतून दुसऱ्याच्या कितीतरी पट जाणं यात विशेष काही नाही, त्यामुळे नुसती सरासरी देऊन चालत नाही. त्याच गाईडन्सप्रमाणे सरासरीत स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे किती विखुरलेत त्याचं माप, ठराविक पटीत मिळवायचं, ८ रेप्लिकेट, म्हणजे त्याच टेस्टचे ८ सेल, असतील तर ०.८४ पट, ४ च असतील तर १.६ पट. कमी सेल लावून पैसे वाचवणाऱ्याला आकडा मोठा मिळतो, हे मला फार आवडलं.

रिपोर्ट गेल्यावर अपेक्षेप्रमाणे विचारणा आली की पट्ट्यांवरचं वगळून आकडा देता येईल का. मी दोन्ही आकडे दिले, शेजारी तो चढता ग्राफ लावला आणि कुठला वापरायचा ते लिहून दिलं. मोठा वापरला गेला, ग्लोव्ह बदलले, मिश्रण हाताने ढवळायचं बंद झालं. पुढचं मटेरियल पावडर आहे आणि दर चौरस सेंटीमीटरला दोनचार मिलिग्रॅम पावडर सारखी पसरवायची कशी, कोरडी की ओली करून, यावर सध्या आमची जुंपलीय.