गोल कुणाचा?

आठवडाभर मी गाड्यांच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळतो. ऑक्टोबर उजाडला की शुक्रवार-शनिवारच्या रात्री मिशिगन राज्यातल्या एका विद्यापीठाच्या आइस हॉकी सामन्यांची आकडेवारी लिहितो. या एका राज्यात पहिल्या श्रेणीचे सात कॉलेज संघ आहेत, त्यामुळे माझ्यासारख्या हौशी कारकुनांना कामाची वानवा नाही. सोलापूरच्या पार्क मैदानावर क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलं होतं, ती सवय इथे कामाला आली. मानधन थोडं मिळतं, कॉफी भरपूर.

प्रेक्षागृहाच्या वरच्या अंगाला आमची लांबलचक टेबलं असतात. एकजण शॉट पुकारतो, एकजण लॅपटॉपवर टिपतो. मी प्लस-मायनस बघतो, म्हणजे गोल झाला त्या क्षणी बर्फावर कोण-कोण होतं ते. कॉलेज हॉकीत खेळाडूंचा अख्खा चेहरा जाळीआड असतो. ओळखायचं ते पाठीवरच्या नंबरावरून.

यंदा सगळ्यांच्या तोंडी एकच नंबर होता. ओंटारियोच्या ज्युनियर लीगमधून आलेला अठरा वर्षांचा पोरगा. पूर्वी तो इथे खेळूच शकला नसता. कॅनडातल्या त्या मोठ्या ज्युनियर लीगच्या खेळाडूंना एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांचा कारभार बघणारी संस्था, व्यावसायिक मानायची. नोव्हेंबर २०२४मध्ये तो नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५पासून दार उघडलं. त्याच दारातून गॅव्हिन मकेना पेन स्टेट विद्यापीठात गेला. आधीच्या मोसमात त्याने मेडिसिन हॅट या ज्युनियर संघाकडून ५६ सामन्यांत १२९ पॉइंट्स, म्हणजे गोल आणि गोलसाठी दिलेले पास (असिस्ट) मिळून, केले होते. असले आकडे वाचले की चाहत्यांची त्रैराशिकं सुरू होतात. तिथे सामन्याला दोनाच्या वर, तर इथे निदान एक तरी!

ते गणित जुळत नाही, कारण समोरची माणसं वेगळी असतात. कॉलेजात बरेचजण दोन-दोन वर्षं ज्युनियर खेळून विसाव्या-एकविसाव्या वर्षी दाखल होतात. चौथ्या वर्षाला पोचेपर्यंत ते चांगले चोविशी गाठलेले बाप्ये झालेले असतात. शाळेतून नुकतंच बाहेर पडलेलं पोर त्यांच्या खांद्याखाली सापडलं की रिंकभोवतीच्या बोर्डाचा आवाज आमच्यापर्यंत येतो.

आमच्या टेबलामागच्या रांगेत एक आजोबा बसतात, वर्षानुवर्षांचे सीझन तिकीटवाले. त्यांना मी एकदा सांगून पाहिलं की कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार १९८१पासून दिला जातो, आणि २०२४पर्यंत पहिल्या वर्षाच्या चारच मुलांना तो मिळाला. कारिया, आयकल, फँटिली आणि सेलेब्रिनी. त्या चौघांतही त्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळालं ते फक्त कारियाच्या मेन विद्यापीठाच्या संघाला, १९९३मध्ये. आजोबा म्हणाले, "मग आपला पाचवा." पुढे काय बोलणार?

नोव्हेंबर आला तरी पोराच्या नावावर गोल नव्हता. विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये त्याच्या नंबराच्या जर्सी मात्र वाढत होत्या. त्याच्याकडे पक (हॉकीची रबरी चकती) आला की सगळा स्टँड उभा राहायचा आणि निसटला की "अरेरे" करत बसायचा. मी कागदावर बघत होतो ते जरा निराळं होतं. स्वतःच्या गोलकडे परत धावत येऊन तो समोरच्याची काठी उचलायचा आणि शॉट होऊच द्यायचा नाही. पण न झालेला शॉट लिहायला आमच्याकडे रकाना नाही.

मग तो शनिवार आला. दुसरा पिरियड, १-१ बरोबरी. निळ्या रेषेवरून आमच्या एका डिफेन्समनने शॉट मारला. हा पोरगा गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, नाकासमोर ठाण मांडून, पाठीत धपाटे खात उभा. पक आला, त्याने काठी पुढे केली आणि पक आत! पहिला रिप्ले बघून आमच्या मुख्य स्कोअररने नंबर सांगितला. निवेदकाने "कॉलेजमधला पहिला गोल" असं जे लांबवलं, त्याने छत उडायचं बाकी राहिलं. आजोबांनी माझ्या पाठीत थाप मारली, कॉफी कागदावर सांडली.

माझी नजर कामामुळे बर्फावर होती. पोराने हात वर केले नव्हते. तो सरळ त्या डिफेन्समनकडे गेला आणि त्याच्या हेल्मेटवर थोपटत राहिला.

मध्यंतरात खालून फोन आला. संघाचा प्रसिद्धीवाला होता. "तो म्हणतोय, माझी काठी लागलीच नाही. नीट बघा."

अशा विनंत्या नेहमीच्याच, पण बहुतेक उलट्या दिशेने, म्हणजे माझा असिस्ट राहिला, मला द्या. गोल परत करणारा आम्ही कुणी पाहिला नव्हता. वरच्या कॅमेऱ्याचं चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं. काठीचं पातं आणि पक यांच्यामध्ये बर्फाची पांढरी फट स्पष्ट दिसत होती. पकाची दिशा तसूभरही बदलली नव्हती. आमच्यातला एकजण हळूच म्हणाला, "राहू दे ना, कुणाचं काय जातंय?" मुख्य स्कोअररने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

दुरुस्ती करावीच लागली. गोल डिफेन्समनचा. त्याला दिलेला असिस्ट निघाला, दुसरा असिस्ट कायम राहिला आणि त्याच्याही आधी पक दिलेल्या तिसऱ्याला नवा मिळाला. पोराच्या वाट्याला तेवढा प्लस एक. गोलीला काही दिसू नये म्हणून धपाटे खात उभं राहणं बॉक्स स्कोअरमध्ये बसत नाही. माझ्या मते तो गोल निम्मा त्याचाच होता, पण माझं मत टाइप करायची सोय नाही.

तिसऱ्या पिरियडच्या सुरुवातीला घोषणा झाली आणि अख्ख्या प्रेक्षागृहाने आम्हाला हुर्यो केलं. पंचांना होतं तसं, थेट वर टेबलाकडे बघून. ज्याचा तो मोसमातला पहिलाच गोल होता, त्या चौथ्या वर्षाच्या डिफेन्समनचं नाव त्या गोंगाटात कुणाला ऐकूही गेलं नाही. हे मला जास्त लागलं. चार वर्षं शॉट अंगावर घेणारा हा मुलगा. त्याची जर्सी स्टँडमध्ये मला एकही दिसली नव्हती.

आजोबा सामना संपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. फोन खालून आला होता, हे त्यांना सांगावंसं फार वाटलं. पण टेबलावरच्या गोष्टी टेबलावरच ठेवायच्या असतात, म्हणून गप्प बसलो.

पोराचा पहिला गोल नंतर झाला, परगावच्या सामन्यात. शेवटच्या मिनिटात समोरच्यांनी जादा खेळाडू उतरवायला गोली काढून घेतल्यावर, रिकाम्या जाळीत. पुढच्या शुक्रवारी आजोबा वाकून विचारत होते, "रिकाम्या जाळीतला धरतात ना रे?"

"धरतात," मी म्हटलं. "पूर्ण एक."