आमचा स्वीडिश उन्हाळा, मुक्काम दर्यापूर तालुका

स्वीडनमधली शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुटते आणि ऑगस्टच्या मध्याला पुन्हा भरते. त्यामुळे आमच्या मुलांचा उन्हाळा आणि विदर्भाचा उन्हाळा यांची गाठ कधी पडतच नाही. तुमच्याकडे आमरस, कूलरसमोरच्या जागेवरून भांडणं आणि भाचरांचा धुडगूस ऐन रंगात असतो तेव्हा आमची पोरं दप्तर पाठीला लावून शाळेत. आमची सुट्टी लागते तोवर तिकडे रोहिण्या संपून मिरग लागलेला, आंबा उतरलेला आणि घरातली मोठी माणसं वावराच्या वाटेला लागलेली. ‘मे महिन्यातच या ना’ असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. पण इथे शाळा बुडवायची तर मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी लागते आणि महिनाभराची ती सहसा मिळत नाही. शिवाय 45 अंशांत अडीच वर्षांच्या पोराला घेऊन उतरायची माझीही छाती होत नाही.

तर या वर्षी सगळी सुट्टी दर्यापूर तालुक्यातल्या सासरच्या गावी काढली. थोरली सात वर्षांची, परत आल्यावर पहिलीत जाणारी (इथे पहिली सातव्या वर्षी लागते), आणि धाकटा अडीचचा. आम्ही स्वीडनमध्ये राहतो त्या वेस्तेरोस शहरातल्या माझ्या मैत्रिणी या दिवसांत तळ्याकाठच्या लाल लाकडी घरात जाऊन राहतात, रानात ब्लूबेरी वेचतात. ‘तुम्ही कुठे?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मी नकाशात पूर्णा नदी दाखवली.

अमरावतीजवळ बेलोऱ्याला 2025 च्या एप्रिलपासून मुंबईचं विमान उतरतं. पण थोरलीला आगगाडीत सगळ्यात वरच्या बर्थवर झोपायचं होतं, त्यापुढे विमानाची काय कथा. अमरावती एक्स्प्रेसने सकाळी मूर्तिजापूर. आबा, म्हणजे माझे सासरे, घ्यायला आले होते. त्यांनी सगळ्यात आधी नातीला शकुंतलेचे, म्हणजे इथल्या जुन्या छोट्या आगगाडीचे, अरुंद रूळ दाखवले. गाडी बंद पडलीय, पण आबांच्या बोलण्यात ती अजून वेळेवर सुटते.

थोरलीला गावात पहिलं नवल वाटलं ते अंधाराचं. वेस्तेरोसला जूनच्या अखेरीस सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो आणि साडेतीनला पुन्हा हजर. मधल्या वेळातही धड काळोख होत नाही. मुलांना झोपवायला खिडक्यांना जाड काळे पडदे लावावे लागतात. उन्हाळ्यात रात्र पडते, हेच तिच्या हिशेबात नव्हतं. गावी सातच्या पुढे दिवस बुडाला आणि त्यात लाइन गेली. खाटेवर पडल्या पडल्या तिने विचारलं, “आबा, हा उन्हाळाच आहे ना?”

“नाही माय, हा पावसाळा हाये,” आबा म्हणाले. “पण पाऊस अजून आला नाई.”

ते दिवस सगळ्या गावाचे तसेच गेले. दुपारी ढग जमायचे, वारा सुटायचा, उकाडा वाढायचा, आणि ढग पुढच्या तालुक्याला निघून जायचे. भासऱ्यांनी, म्हणजे मोठ्या दिरांनी, बियाण्याच्या पिशव्या कोठीत आणून ठेवल्या होत्या. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण शेजारच्या वावरात कुणी पावसाआधीच कोरड्या मातीत धूळपेरणी उरकली की घरोघरी जीव खालीवर व्हायला लागतो. लवकर पेरावं तर दुबार पेरणीची भीती, थांबावं तर हंगाम हातचा जायची. अशा घरात पोरांनी आज नवं काय केलं, हे बघायला कुणालाही सवड नसते. आणि नेमकं त्याच दिवसांत माझ्या मुलांचं एकेक होत गेलं.

इकडे स्वीडनमध्ये मुलांच्या वाढीचा तक्ता असतो. बालआरोग्य केंद्रातली नर्स ठरलेल्या वयाला बोलावते, वजन-उंचीचा आलेख काढते, मूल उडी मारतं का, चित्रातली गोष्ट ओळखतं का ते पाहते. दोन वर्षांचं होईपर्यंत बाळाला रोज ड-जीवनसत्त्वाचे पाच थेंब द्यायला लावते. आपल्यासारख्या सावळ्या पोरांना त्यापुढेही चालू ठेवा म्हणते. हे सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ हसत होत्या. ऊन बाटलीतून विकत घ्यायचं, हे त्यांच्या पचनी पडेना. मला मात्र हा तक्ता मनापासून आवडतो. परदेशात घरात चौघंच असताना कुणीतरी नीट लक्ष ठेवतंय, याचा आधार वाटतो. फक्त आजी-आजोबांच्या वाट्याला यातलं काही येत नाही. धाकट्याचं पहिलं पाऊल त्यांनी फोनवर पाहिलं, तेही मध्ये चित्र अडकत अडकत.

डायपरचा निकाल सासूबाईंनी आल्या आल्याच लावला. “काढ ते गाठोडं. आंग सडून जाईन पोराचं.” उठल्याबरोबर, जेवल्यावर आणि झोपायच्या आधी त्याला मोरीपाशी नेऊन उभं करायचं, आपण ‘सूऽऽ’ करायचं, एवढीच त्यांची पद्धत. सोबतीला जाऊबाईंचा चार वर्षांचा धाकटा. त्याने करून दाखवलं की आमचाही करायचा, वर दोघांची धार कुठवर गेली यावर वाद. थोड्याच दिवसांत प्रश्न मिटला. स्वीडनहून सामानात कोंबून नेलेलं निळं पॉटी अंगणात पालथं पडलं होतं. त्यावर बसून मोठा पुतण्या पाढे म्हणायचा.

कपडे मात्र फार धुवावे लागले, आणि तिथले कपडे धुणं सोपं नाही. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलाय. जमिनीतलं पाणी खारट, बोअर मारली तरी तेच. त्यात साबण फेस धरत नाही, नुसता पांढरा चोथा हातावर राहतो. थोरलीने न्हाणीतून ओरडून सांगितलं, “आई, साबण खराब झालाय!” प्यायचं पाणी नळयोजनेचं किंवा कॅनचं. बाहेरचे लोक आमच्याकडच्या मुगाचं आणि हरभऱ्याचं कौतुक करतात, त्यांनी आठ दिवस त्या पाण्यात आंघोळ करून पाहावी.

पाऊस आला तो एका रात्री, आणि आला तो सकाळपर्यंत थांबलाच नाही. दुसऱ्या दिवशी उघडीप पडल्यावर वावरात गेलो. काळी माती फुगून चपलांना लोळे लागत होते, शेवटी सगळ्यांनीच चपला हातात घेतल्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थोरलीला मिरगाचा किडा सापडला. लालभडक, मखमलीचा, हरभऱ्याच्या दाण्याहून लहान. तळहातावर घेतला की पाय पोटाशी ओढून निपचित पडायचा. ती श्वास रोखून थांबायची, मग हळूच एक पाय बाहेर, दुसरा, आणि चालायला लागला की गुदगुल्या होऊन ती हात झटकायची. धाकटा बाजूला बसून मातीशी बोलत होता.

मोठ्या आईने, म्हणजे जाऊबाईंनी, तिला सरकीला हात लावू दिला नाही. पिशवीतल्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, ते पोरांच्या हाती द्यायचं नसतं. त्याऐवजी घरच्या बरबटीचे, म्हणजे चवळीचे, दाणे तिच्या ओंजळीत घातले आणि धुऱ्याकडेला टोबायला लावले. बोटाच्या दोन पेरांएवढं खोल, दाणा टाकायचा, माती ओढायची, पुढे सरकायचं. आठवडाभरात कोंब वर आले, तेव्हा ती आबांना हाताला धरून घेऊन गेली. आबांनी प्रत्येक कोंबापाशी थांबून पाहिलं. दुपारभर ते कपाशीचं उगवण पाहून आले होते, आणि तिथे तुटाळ, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, बरीच होती.

दात पडला तो भाकर खाताना. स्वीडनमध्ये पडलेला दात पाण्याच्या पेल्यात ठेवायची रीत आहे, सकाळी त्याजागी नाणं मिळतं. थोरलीने लगेच पेला मागितला. सासूबाई म्हणाल्या, “आपल्या पाण्यात कायले ठेवतं? गंज चढन त्याले. उंदराले दे, तो चांगला देते.” दोन्ही पक्षांत बरीच चर्चा झाली. शेवटी दात घराच्या जुन्या कौलावर फेकायचा ठरला, ‘उंदीरमामा, माझा घे, तुझा दे’ म्हणत. पहिला नेम चुकून दात कोंबड्यांत पडला. तो शोधायला अख्खं घर अंगणात वाकलं होतं. आबांनी गुपचूप पाच रुपयांचं नाणं तिच्या उशाखाली सरकवलं ते वेगळं.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, त्यामुळे पहिला दिवस आम्हाला गावातच सापडला. प्रभातफेरी, पहिलीच्या पोरांना फूल आणि नवी पुस्तकं. पुतणीबरोबर गुरुजींनी आमच्या थोरलीलाही बसू दिलं. वर्गाबाहेर चपलांची रांग पाहून ती एकदम खूश झाली, कारण तिच्या स्वीडिश शाळेतही बूट बाहेर काढूनच आत जातात. दुपारी खिचडी खाल्ली, दोनदा वाढून घेतली. घरी तिखट लागलं की रडणारी ही पोर शाळेत कुठलं तिखट खाते, ते मला कळलं नाही.

आणि मग सायकल. स्वीडनमध्ये 15 वर्षांखालच्या मुलांना हेल्मेटची सक्ती आहे, म्हणून तिचं हेल्मेट मी सोबत नेलं होतं. गल्लीतल्या पोरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “डोक्शावर गंज काहून घातला वं?” (गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं.) ती चिडली, पण काढलं नाही. तिला आबांची काळी, दांडीवाली, मोठ्या माणसांची सायकल चालवायची होती. इकडे तिची स्वतःची गुलाबी सायकल आहे, ती सराईत चालवते. पण कैची म्हणजे निराळंच प्रकरण. दांडीखालून उजवा पाय पलीकडच्या पायडलवर घालायचा, डाव्या हाताने हँडल, उजव्याने सीट काखेत धरायची, आणि सगळं अंग एका बाजूला टाकूनही सायकल सरळ ठेवायची. पूर्ण फेरी होत नाही. अर्धं पायडल खाली, तसंच वर, पुन्हा खाली. पुतणी मागून कॅरिअर धरून पळायची आणि ‘सोडलं नाई, सोडलं नाई’ म्हणत केव्हाच सोडून द्यायची. मारुतीच्या पारापासून गिरणीपर्यंत थोरली गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात तरोट्याची भाजी निवडत होते. गिरणीवाल्याने येऊन सांगितलं. फोटो नाही, काही नाही.

एका गोष्टीला मात्र मी ठाम नकार दिला. मुलांचे वडील लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेत, आणि लेकीलाही शेततळ्यात उतरवायचा त्यांचा विचार होता. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असतो, तो ओला झाला की शेवाळासारखा निसरडा. पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही काठ चढता येत नाही. स्वीडनमध्ये सहावीपर्यंत प्रत्येक मुलाला 200 मीटर पोहता आलं पाहिजे, त्यातले 50 पाठीवर, असं अभ्यासक्रमातच आहे. ते तिथे शिकेल. आबांनी माझी बाजू घेतली, म्हणून विषय संपला.

निघताना वाईट वाटलं ते तान्ह्या पोळ्याचं. पोळा श्रावणी अमावस्येला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन निघतात. तोवर इथली शाळा भरलेली असते. गावच्या सुताराने तरीही चाकांचा नंदी करून दिला. तो विमानाच्या सामानात कसा बसवला हे विचारू नका, शिंग एक तुटलंय.

परत आल्यावर धाकट्याची अडीच वर्षांची तपासणी होती. नर्सने चित्रं दाखवून, घरच्या भाषेत काय म्हणतो ते सांगा, असं मला म्हटलं. बॉल, मांजर, घर सगळं ओळखून झालं. मग एका चित्रावर बोट ठेवून मी विचारलं, हा मुलगा काय करतोय? त्याने हात मागे घेतले आणि म्हणाला, “मले नाई सांगाचं. मी आबाले सांगन.”

नर्सने विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं. तिने मान डोलावून ‘शब्द जोडून वाक्य बोलतो’ यापुढे खूण केली. संध्याकाळी आबांना फोनवर हे सांगितलं, तर ते म्हणाले, “मंग? बरोबर हाये त्याचं. दे बरं त्याले फोन.”