खडक, चिखल आणि खारं पाणी : आमची वाटचाल

जमिनीखालची माती, खडक आणि पाणी तपासणं हा आमचा धंदा. आमच्या कोटेशनमधली एक ओळ गिऱ्हाईक सगळ्यात आधी खोडतं : 'भरती-ओहोटीनुसार पाणीपातळी व क्षारतेचं निरीक्षण, किमान १५ दिवस.' बोअर मारा, पाणी तपासा, रिपोर्ट द्या, एवढ्याला सगळे तयार असतात. पंधरा दिवस कशाला, हे प्रत्येकाला नव्याने सांगावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या आसपासची भांग, म्हणजे लहान भरती, दोन्ही त्यात सापडतात म्हणून. किनाऱ्यालगत मोजलेल्या आकड्यापुढे तिथी आणि वेळ नसेल, तर तो आकडा आमच्या रिपोर्टात येत नाही. धंदा सुरू केला तेव्हा असा काही नियम नव्हता. काम चिखलातून विहिरींकडे आणि विहिरींतून बेटांकडे सरकत गेलं, तसा तो पडत गेला.

सुरुवात तुर्भ्याला, भाड्याच्या गाळ्यात. मी भूशास्त्राचा, भागीदार सिव्हिलचा. बोअर मारायची जुनी रिग, विंच, केसिंगचे पाइप आणि इमारतीच्या पायासाठी माती तपासण्याचं काम. नवी मुंबईत त्याला तोटा नव्हता. १९७० साली सिडको आली आणि पुढे खाडीकाठची खाचरं, खारजमिनी भरावाखाली जाऊन त्यांवर सेक्टर उभे राहिले. इथे बोअर मारला की क्रम ठरलेला : वर भराव, खाली खाडीचा निळसर काळा चिखल, मग पिवळा मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे मऊसर खडक, नाहीतर काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. चिखल कुठे चार-पाच मीटर, कुठे पंधराच्याही पुढे. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते लिहायचं, ही नेहमीची चाचणी. आमच्या चिखलात कधी कधी ठोक्याची वेळच येत नाही, रॉड स्वतःच्या वजनाने उतरतो. मुकादम नुसता म्हणायचा, "गेला, साहेब."

बिल्डर विचारायचा, जमीन किती बसेल? आमच्या लेखी मोठा प्रश्न होता, किती वर्षं बसत राहील? चिखलातलं पाणी दाबाने हळूहळू बाहेर पडतं आणि तोवर जमीन खचत राहते. थराची जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट लागतो. म्हणून तर चिखलात मीटर-दीड मीटरवर उभ्या निचरापट्ट्या खुपसून वर भराव रचतात. अख्खा थर पार करण्याऐवजी पाण्याला शेजारच्या पट्टीपर्यंतच जावं लागतं. जमीन बसते ती मोजायला महिनोन् महिने लेव्हल घ्यावी लागते. त्याचे पैसे द्यायला त्या काळी कुणी राजी नसे. एका कंत्राटदाराने तर शेवटचं बिल 'जमीन अजून बसतेच आहे' या कारणावरून रोखलं होतं!

मग बँकेचं कर्ज काढून रेझिस्टिव्हिटी मीटर घेतला. जमिनीत वीज सोडायची आणि ती किती अडते ते पाहायचं. समुद्राच्या पाण्याचा विरोध ०.२ ओहम-मीटरच्या आसपास, घट्ट कोरड्या बसाल्टचा शेकड्यांत, कधी हजारांतही. ऐकायला सोपं वाटतं. पण ठाणे-बेलापूर रस्त्यालगत वरून उच्चदाबाच्या तारा, खालून पाइपलाइन. काटा थाऱ्यावर राहत नाही. हे दुखणं या भागाला जुनंच आहे म्हणा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय मोजमाप अलिबागला हलवावं लागलं, तिथे १९०४ पासून ते चालू आहे. दुसरी गोम अशी की खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू आणि साधा खाडीचा चिखल मीटरला जवळपास सारखेच दिसतात. शेजारी एखादा बोअर किंवा विहिरीचं पाणी हाताशी नसेल, तर नुसत्या मीटरच्या भरवशावर बोलू नये. काही लोक बोलतात, आणि स्वस्तात बोलतात.

अलिबाग-रेवदंड्याकडची वाड्यांची, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांची, कामं यातूनच आली. तिथे आमची स्पर्धा पाणाड्याशी. तो नारळ घेऊन फिरतो, अर्ध्या तासात जागा दाखवतो आणि आमच्यापेक्षा कमी घेतो. पाणी लागतंही. प्रश्न ते गोडं राहील का, हा असतो. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. दोघांच्या घनतेत फरक अगदी थोडा, त्यामुळे हिशेब असा पडतो : समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी १ मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं मिळू शकतं. हाच हिशेब उलटा वाचा. उपशाने वरची पातळी वीतभर उतरली, तर खालचं खारं पाणी कित्येक मीटर चढू पाहतं. वाडीतल्या जुन्या विहिरी उथळ, आणि त्यांवर राहाट. राहाट वरवरचं पाणी सावकाश उचलायचा, मध्ये बैल थांबायचा, विहीर भरून यायची. पंप आले आणि पाणी मचूळ झालं. वीकेंड बंगल्यांचे खोल बोअर आले तेव्हा तर शेजारची सुपारी करपायला लागली.

अशा ठिकाणी आमचा सल्ला बहुतेक वेळा एकच : खोल जाऊ नका, रुंद आणि उथळ विहीर घ्या, लहान पंप लावा, थांबून थांबून उपसा. बोअर मारू नका हे ऐकण्यासाठी पैसे द्यायचे, हे अनेकांना पटत नाही. भागीदाराचा याला विरोध होता. ड्रिलिंग आपलंच, मग आपणच नाही म्हणायचं? यावर आमचे कडाक्याचे वाद झाले. शेवटी विहिरींच्या कामात सल्ला देणारे आम्ही, तर खोदणारे दुसरे, असं ठरलं. त्या वर्षी उलाढाल घसरली. नंतर सोसायट्या आणि ग्रामपंचायती येऊ लागल्या, त्या बहुतेक याच कारणाने.

बेटांचं काम एका संस्थेचे उपकंत्राटदार म्हणून मिळालं. लक्षद्वीप. ओळखीचा बसाल्ट तिथे कुठेच नाही. प्रवाळाची वाळू, खाली चुनखडक, आणि जमीन समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर उंच. गोड्या पाण्याची पातळ भिंगासारखी चकती बेटाच्या पोटात तरंगते, भरतीबरोबर वर येते, ओहोटीबरोबर बसते. घराघराला विहीर, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर शोषखड्डा; म्हणजे खारटपणाइतकीच घाणीचीही काळजी. कवरत्तीला २००५ पासून समुद्रातल्या वरच्या कोमट आणि खोलच्या थंड पाण्यातल्या तापमानाच्या फरकावर गोडं पाणी तयार करणारा प्रकल्प आहे, दिवसाला १ लाख लिटरचा. तो बघून भागीदार म्हणाला, आता विहिरी कोण मोजणार? पण विहिरी वापरात आहेतच, आणि त्या मोजाव्या लागतातच. परमिट, कोचीहून बोट, वजनाची मर्यादा, यांमुळे रिग न्यायचा प्रश्नच नव्हता. पाण्यात सोडून ठेवायचे लॉगर घेतले ते तिथल्यासाठी. दर दहा मिनिटांनी पातळी, तापमान, क्षारता आपोआप नोंदवतात. पगार भागवणं जड जात होतं तेव्हाची ती खरेदी.

तेच लॉगर सध्या उरणकडच्या एका गावात आहेत. खारबंदिस्तीची, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाची, उघाडी (पाणी सोडायचं झडपेचं दार) नादुरुस्त आहे, उधाणाचं पाणी खाचरांत शिरतं आणि बांधालगतच्या विहिरी खारट होतात, अशी तक्रार. गावकऱ्यांच्या मते दोष उघाडीचा. आम्हाला बांधाखालूनही पाझर दिसतो. पावसाळ्यात वरून गोडं पाणी मिसळल्यामुळे दोन्ही वेगळं काढणं कठीण जातं. भाताची कापणी झाली की पुन्हा उधाण आणि भांग धरून नोंदी घ्यायच्या आहेत. ग्रामपंचायतीने पंधरा दिवसांना मंजुरी दिली आहे, ठराव करून.