दोन निळ्या नोटा

आज पहाटे गोव्यात मोपा विमानतळावर उतरले आणि कदंबा बस पकडून म्हापशाला घरी. गोकर्ण, दांडेली, मालवण सगळं आठ जणांच्या गँगबरोबर झालं, हिशेब एकाकडे, गुगल मॅप दुसऱ्याकडे, मी आपली मागच्या सीटवर झोपायचे! यावेळी नेहमीसारख्या सगळ्यांच्या सुट्ट्या अडल्या, मग म्हटलं जाऊदे, व्हिएतनामचा ई-व्हिसा काढला आणि एकटीच हनोईला. तिथे अंड्याची कॉफी प्यायले (बरी लागते हो, खरंच) आणि पैसे देताना २० हजार डाँगच्या नोटेसोबत चुकून ५ लाखांची सरकवली, दोन्ही निळ्याच! काउंटरवरच्या मावशीने हसत परत केली. "अगं बघ ना" म्हणत मागे वळले तर मागे कुणीच नाही. ग्रुपवर टाकलं तर रिप्लाय काय, "नेक्स्ट टाइम आम्ही पण"...