पेरणीला न दिसणारे तारे

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात फिनिक्सहून चिनली गाडीने पाचेक तास. जानेवारीत, त्या थंडीत, कॅन्यन द शे या दरीत कशाला, असं ज्याने त्याने विचारलं. पण तिथले मूळ रहिवासी नवाहो लोक ताऱ्यांच्या गोष्टी हिवाळ्यातच सांगतात. वसंतातला पहिला मेघगडगडाट ऐकू आला की गोष्टी बंद. साताऱ्याहून आलेली आई दोन स्वेटर, शाल, कानटोपी अशा थाटात तयार.

वाटाड्या नवाहोच, वयाने आईएवढा. रात्री आठच्या सुमारास सप्तर्षींची शेपटी अजून कड्याआड होती. ते त्यांचे नाहोकोस, फिरणारा पुरुष. समोर शर्मिष्ठा, ती फिरणारी स्त्री. आणि ध्रुव म्हणजे मधली चूल. नवरा-बायको चुलीभोवती फिरतात, तिला सोडून जात नाहीत. आपला ध्रुव बापाच्या मांडीवरून उठवलेलं पोर. इथे तो घरातला जाळ. मला हे फार आवडलं.

तारे मांडले काळ्या देवाने, एकेक नीट जागा बघून. कृत्तिका, म्हणजे दिल्येहे, आधी त्याच्या घोट्यावर होत्या. त्याने पाय आपटला, त्या गुडघ्यावर आल्या. पुन्हा आपटला, कमरेवर. मग खांद्यावर, शेवटी कपाळाच्या कडेला. तिथे त्या राहिल्या. बाकीचे तारे तो लावत असताना कायोटीने, म्हणजे तिकडच्या कोल्ह्याने, पिशवी हिसकावली आणि उरलेले भसकन उधळले. म्हणून आकाशात एवढा पसारा.

मग म्हातारबुवा मक्याकडे वळले. मे महिन्यात दिल्येहे संध्याकाळी पश्चिमेला मावळतात आणि जूनअखेरीस पहाटे पुन्हा उगवतात. त्याआत पेरणी उरकायची. दिल्येहेने पेरताना बघता कामा नये.

मी आईला मराठीत सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मग मृगाचं काय वेगळंय? पेरणीच्या वेळी मृग दिसतो का कुठं? सूर्यच बसलेला असतो तिथं."

खरंच की! सात जूनला मृग लागला, असं लहानपणापासून ऐकतोय. पण त्या दिवसांत मृग आभाळात कधी शोधला नव्हता. आत्ता तो पूर्वेला लखलखत होता.

म्हातारबुवांनी विचारलं, पाऊस आलाच नाही तर?

"आर्द्राची वाट बघायची," आई म्हणाली. "आणि पंचांगात वाहन कोल्हा निघालं, तर आशाच सोडा."

हे इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ उडाली. पण कोल्हा शब्द कळताच म्हातारबुवा मोठ्याने हसले.