चापडगावला बसून नारकोंडमच्या गप्पा

आज पहाटे थंडीत कुडकुडत नांदूर मध्यमेश्वर जलाशयाच्या काठावरच्या चापडगावला. नांदूर मध्यमेश्वर म्हणजे २०२० साली रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळालेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. थापट्या बदकं चपटी चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत होती, वारकरी पक्ष्यांची नेहमीची भांडणं चालू होती. पण खरी मजा आणली ती अंदमानात बोटीवरून पक्षीगणना करून आलेल्या आमच्या मित्राने.

नारकोंडम. जेमतेम सात चौरस किलोमीटरचं ज्वालामुखी बेट. तिथला धनेश पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नाही. नराचं डोकं-मान तांबूस, मादी काळी. बेटाचे उतार इतके उभे की किनाऱ्यालगत होडी हळूहळू चालवत मोजणंच बरं, असं त्याचं म्हणणं. लाटेवर दुर्बीण काही केल्या स्थिर राहत नाही, म्हणून आधी नुसत्या डोळ्यांनी थवा हेरायचा, मग दुर्बीण लावायची. तोच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून प्रत्येक नोंदीपुढे वेळ आणि उडाल्याची दिशा. वहीची पानं खाऱ्या पाण्याने फुगलेली, म्हणून लिहायचं पेन्सिलनेच.

एकेकाळी पोलीस चौकीसाठी आणलेल्या बकऱ्यांनी तिथली कोवळी रोपं फस्त केली होती, हे ऐकून मात्र चहा कडू झाला. एवढ्याशा बेटावर फळझाडंच उगवली नाहीत तर धनेशाने जायचं कुठे?

मी विचारलं, "मला नेशील का रे?"

"आधी परवानग्या काढ. आणि पोहायला शीक. गोदाकाठचा असून येत नाही तुला!"