जालन्याचा पाळक, स्कॉटलंडची मंडळी

गावाकडून फोन आला की तब्येतीची चौकशी झाल्यावर एक प्रश्न हमखास येतो : "पाळकसाहेब, तिकडे चर्चला कोणी जात नाही म्हणतात, मग तुम्हाला काम तरी काय असतं?"

प्रश्न रास्त आहे. स्कॉटलंडच्या 2022 च्या जनगणनेत 51.1 टक्के लोकांनी आपला कुठलाच धर्म नाही असं लिहिलं. 2011 मध्ये हे प्रमाण 36.7 टक्के होतं. मी ज्या चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून सेवा करतो, त्याला आपलं म्हणणारे त्याच काळात 32.4 टक्क्यांवरून 20.4 टक्क्यांवर आले. रविवारी माझ्यासमोर बसलेल्यांत पन्नाशीच्या आतली माणसं बोटांवर मोजता येतील. तरीही जालन्यात होतो तेव्हापेक्षा इथे माझी पावलं जास्त घरांत पडतात, आणि त्यातली निम्मी घरं कधी चर्चची पायरी न चढणाऱ्यांची आहेत.

याचं कारण इथली पॅरिशची पद्धत. सगळा देश पॅरिशमध्ये वाटलेला आहे आणि पाळक हा नुसता सभासदांचा नसतो, त्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येकाचा असतो. कोणाच्या घरी मयत झाली आणि त्यांनी बोलावलं, तर पाळकानं जायचं. तो माणूस देवाला मानत होता की नाही, हे विचारायचं नाही. आपल्याकडे मंडळी म्हणजे ओळखीची चार-दोनशे घरं. कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाचं बाळंतपण कधी, सगळं तोंडपाठ. इथे परक्या घराची बेल वाजवून आत जायचं आणि त्या घरातला सर्वांत जड दिवस त्यांच्यासोबत काढायचा. मला विचाराल तर पाळकपणाचा खरा कस तिथे लागतो.

मी राहतो तो भाग बॉर्डर्स, म्हणजे एडिनबर्गच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेलगत. ट्वीड नदी, गोल टेकड्या आणि नजर जाईल तिथवर मेंढ्या. मराठी माणसाला हा भाग परका वाटू नये. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन इथल्याच लॉडर गावात 1804 मध्ये जन्मले, 1829 मध्ये मुंबईला पोचले आणि 1875 मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप जवळच्याच डन्सचे. 1863 मध्ये नागपूरजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. आमच्या जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री याच स्कॉटिश मिशनशी जोडलेले. डन्समध्ये मोटार शर्यतपटू जिम क्लार्क यांचं संग्रहालय आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं; हिस्लॉप हे नाव मात्र मला पुष्कळदा सांगावं लागतं. मी सांगतो आणि लोक मनापासून ऐकतात. एका आजीबाईंनी तर नागपूर नकाशात कुठे येतं ते शोधून ठेवलं होतं.

माझ्याकडे एकाहून जास्त चर्च आहेत. पाळक कमी पडतात, म्हणून गावं एकमेकांना जोडली जातात. रविवारी एका गावातली उपासना आटोपून गाडीत बसायचं आणि दुसऱ्या गावात पुन्हा पहिल्या स्तोत्रापासून सुरुवात करायची. उपासना सुरू होताना बीडल नावाचा सेवक पवित्र शास्त्र दोन्ही हातांवर घेऊन पुढे चालतो आणि ते पुलपिटावर उघडून ठेवतो. सगळे उभे राहतात. पाळक त्याच्या मागून येतो. मान वचनाला, माणसाला नाही. ही प्रथा मला फार आवडते.

आता अंत्यविधीबद्दल. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या आठवड्याचा मोठा भाग त्यातच जातो.

आपल्याकडे सकाळी माणूस गेला की संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी दफन. इथे आठवडा, दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त दिवस जातात. अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्यांचा फोन येतो, मग मी घरच्यांना भेटायला जातो. चहा येतो, बिस्किटं येतात आणि मी विचारतो, "सांगा, कसे होते ते?" पहिली दहा मिनिटं कोणी बोलत नाही. मग एखादी मुलगी म्हणते, बाबा बागेतल्या वाटाण्याला हात लावू द्यायचे नाहीत. दुसरा हसतो, आणि बांध फुटतो. मी वहीत लिहून घेत जातो. दफनाच्या दिवशी ते त्यांच्याच शब्दांत परत द्यायचं असतं.

थडग्यापाशी इथे एक रीत आहे. शवपेटीला दोऱ्या बांधलेल्या असतात, बहुतेक वेळा आठ. घरच्यांना आधी एकेक छोटं कार्ड मिळतं. त्यावर पेटीची आकृती आणि आपला आकडा कुठे ते छापलेलं असतं. एक नंबर डोक्याशी, तो सर्वांत जवळच्या माणसाचा. व्यवस्थापक एकेकाचं नाव पुकारतो, माणसं पुढे येऊन आपापली दोरी हातात घेतात आणि सगळे मिळून पेटी हळूहळू खाली सोडतात. मुलगा, जावई, शेजारी, लहानपणचा मित्र. मी एकदा एका म्हाताऱ्या मेंढपाळाला पाहिलं. दोरी सुटल्यावरही त्यानं ते कार्ड खिशात घातलं नाही, चुरगाळलंही नाही, तळहातावर धरून उभा राहिला. आपल्याकडे आपण मूठमाती देतो. जवळच्या माणसाला शेवटचं हातानं पोचवायचं, ही गरज जालन्यात आणि इथे सारखीच आहे.

नंतर हॉटेलात किंवा चर्चच्या हॉलमध्ये चहा, सँडविच, कधी स्टेक पाय, म्हणजे मांस भरून भाजलेला पदार्थ. तिथे लोक पाळकाला बाजूला घेऊन जे बोलतात ते फार मोलाचं असतं. "मी चर्चला येत नाही, पण..." अशी त्यांची सुरुवात होते. त्या ‘पण’नंतर मी फक्त ऐकतो.

आणि याच कामात माझी सर्वांत मोठी जखमही आहे. माझी आजी गेली तेव्हा मी इथे होतो. तिकडे दुसऱ्या दिवशी दफन ठरलं. तिकीट काढून एडिनबर्गहून मुंबई आणि तिथून जालना, कितीही धडपड केली तरी पोचणं शक्य नव्हतं. मावसभावानं फोनवर सगळं दाखवलं. कब्रस्तानातली ती बाभळीची सावली, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" म्हणणारा तिकडच्या आमच्या पाळकसाहेबांचा आवाज, मध्येच अडकणारं चित्र. त्याच आठवड्यात मला इथे एका कुटुंबाच्या आजीचा विधी करायचा होता. तो मी केला. संध्याकाळी सेशन क्लार्क, म्हणजे इथल्या वडीलजनांच्या सभेचे चिटणीस, सूपचं भांडं घेऊन दारात उभे होते. आत आले, तासभर बसले, आजीचं नाव विचारलं, आणि पुढच्या रविवारी मंडळीच्या प्रार्थनेत ते नाव नीट उच्चारलं. घरी जाऊन त्यांनी त्याचा सराव केला होता. मी या लोकांचा झालो तो त्या रविवारी.

आता आनंदाचं. मार्च-एप्रिलमध्ये इथे मेंढ्या वितात. तेव्हा शेतकऱ्यांना रात्र-दिवस कळत नाही आणि चर्चला येणं तर दूरच. मग मीच बूट चढवून गोठ्यात जातो. एकदा एका शेतकऱ्यानं मला दाखवलं : एका मेंढीचं पिल्लू मेलेलं जन्मलं होतं, आणि दुसरं एक पिल्लू आईविना होतं. त्यानं मेलेल्या पिल्लाचं कातडं सोलून त्या पोरक्या पिल्लाच्या अंगात सदऱ्यासारखं चढवलं, चार पाय चार भोकांतून काढले आणि मेंढीपुढे सोडलं. तिनं वास घेतला, पुन्हा वास घेतला, आणि त्याला पिऊ दिलं. शेतकऱ्याचे हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले होते, आणि चेहऱ्यावर समाधान. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावं स्तोत्र मी शेकडो वेळा म्हटलं असेल, पण मेंढपाळाचं काम इतकं घाणीचं, जागरणाचं आणि मायेचं असतं हे मला त्या गोठ्यात कळलं. ईस्टरच्या संदेशात मी तेच सांगितलं. खाली बसलेले शेतकरी माना हलवत होते, आणि स्तोत्र गाताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. ते स्तोत्र इथे ‘क्रिमंड’ नावाच्या चालीवर गातात. कधीतरी ऐका.

प्राथमिक शाळेत मुलांसमोर बोलायला जातो तेही सुखाचं काम. डिसेंबरमध्ये त्यांना जालन्याचा नाताळ सांगतो : घरावर टांगलेली चांदणी, करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं, मध्यरात्री ढोलकी घेऊन घरोघर गाणारी पोरं. इथे डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो. माझ्या पत्नीला आणि मला तो अंधार पहिल्या हिवाळ्यात फार जड गेला. तिला मात्र इथे एक मोकळेपण मिळालं. तिकडे पाळकीणबाई म्हणजे महिला मंडळ, शब्बाथशाळा, पाहुणे, सगळं तिच्याच गळ्यात. इथे ती नर्स आहे आणि लोक तिला तिच्या कामानं ओळखतात. पाळकाचा संसार असाच असावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

सध्याचं कठीण काम म्हणजे इमारती. दगडी, देखण्या आणि थंड. तापवायचा खर्च झेपत नाही, त्यामुळे कुठली ठेवायची आणि कुठली सोडायची यावर सभा चालतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा हिशेब वाटेल. पण भिंतीवर पहिल्या महायुद्धात पडलेल्या गावच्या पोरांच्या नावांची पाटी असते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ती नावं मोठ्यानं वाचली जातात आणि दोन मिनिटं स्तब्धता पाळली जाते. पाटीवरचीच आडनावं खाली बाकांवर बसलेली असतात. त्या माणसांना "ही इमारत आता विकू या" असं सांगणं मला जमत नाही. मी त्यांच्यासोबत बसतो आणि पाटी कुठे नेता येईल, कोण सांभाळेल, हे आधी बोलतो. इमारतीचा विषय त्यानंतर. अशानं सभा लांबतात, वरिष्ठांना घाई असते, पण या बाबतीत मी घाई करणार नाही.

धर्मशिक्षण घेणाऱ्या आपल्याकडच्या काही मुलामुलींनी इकडे येण्याबद्दल विचारलं आहे. यायचं असेल तर धर्मसेवकांसाठी वेगळा व्हिसा असतो आणि चर्चकडून पारख होऊन, इथल्या पद्धती शिकण्याचा काळ काढावा लागतो. गाडी चालवता आली पाहिजे, त्याशिवाय इथे गावोगाव फिरणं होत नाही. राहायला मॅन्स, म्हणजे पाळकाचं घर मिळतं, पण ते चर्चचं असतं; सेवा संपली की सोडावं लागतं, हे घरच्यांना आधीच सांगा. बाकी काही विचारायचं असेल तर सोमवारी विचारा, त्या दिवशी माझी सुट्टी असते. कुठे मयत झाली असेल, तर मंगळवारी उत्तर देईन.